झोपताना एक

दार उघडून तो नेहमीसारखा आत वाकला, आणि त्याच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, 'चल की.'

एवढंच. आवाज दरडावणीचा नव्हता, रडवेलाही नव्हता. गप्पा मारत बसलेल्या दोघांपैकी एकानं उठता उठता दुसऱ्याला म्हणावं, चल की, उशीर होतोय, तसा. समोर लिफ्टची उभी पोकळी होती. वरच्या मजल्याचं दार त्यानं आपल्याजवळच्या चावीनं उघडलं होतं, लिफ्ट तळाला थांबवून ठेवली होती, आणि हातातल्या बॅटरीचा उजेड तेलकट दोरांवरून खाली जात जात कुठंतरी विरून जात होता. तळातून ओलसर, गंजकट वास वर येत होता. हे सगळं त्याच्या रोजच्या सवयीचं. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोर झिजलेत का, ब्रेक नीट धरतोय का, दारं नको तेव्हा उघडत तर नाहीत ना ते पाहायचं, आणि ही लिफ्ट माणसांना न्यायला लायक आहे की नाही ते सांगायचं, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. अशा कितीतरी पोकळ्यांत तो वाकला होता. खाली बघताना कधी घरी जाताना दूध न्यायचंय हे आठवायचं, कधी काहीच आठवायचं नाही. आज मात्र उजवा पाय दाराच्या पट्टीवर होता आणि जणू त्या पायाला ते ऐकू गेलं होतं. टाच उचलली गेली होती. "साहेब, पाय," मागे उभा असलेला लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्यानं त्याचा दंड धरला. तो मागे आला. "चक्कर आली काय? बसा जरा. तुम्हीच खाली गेलात तर आमची लिफ्ट पास कोण करणार?" मेकॅनिक हसला. तोही हसला. आपलं हसणं त्याला शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू आलं.

संध्याकाळी घराकडे चालताना तो त्या दोन शब्दांकडे परत परत जात होता, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी. त्याला नवल वाटत होतं ते याचं, की तो दुःखी नव्हता. नोकरी बरी होती, बायकोशी पटत होतं, मुलगी शिकत होती. आणि मुख्य म्हणजे छाती मोकळी होती. कळायला लागल्यापासून त्याच्या छातीत कायम काहीतरी अडकलेलं असायचं. जिना चढताना, हसताना, उशीचा अभ्रा बदलताना, कधीही श्वास आखडायचा आणि खिशातला निळा पंप शोधावा लागायचा. पंप हलवायचा, तोंडात धरायचा, दाबायचा, श्वास कोंडायचा. मग हात थोडे थरथरायचे, काळीज धडधडायचं आणि छातीचं दार किलकिलं व्हायचं. लिफ्टच्या पोकळ्यांतली धूळ तर त्याच्या फुप्फुसांची जुनी वैरीण. पण गेला सगळा हंगाम पंप खिशात नुसता पडून होता. तो चालत होता, चढाचा रस्ता होता, आणि हवा आत जात होती, विनासायास. लहानपणापासून जी मागितली ती हवा. आणि नेमका आताच हा आवाज आला होता.

या मोकळेपणाचं कारण एक छोटीशी गोळी होती. ती सुरू झाली तीही त्याच्याच हट्टानं. बऱ्याच वर्षांपासून त्यांच्या घराला औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याला सांगून थकल्या होत्या की निळा पंप म्हणजे आग लागल्यावर मारायचं पाणी, आग लागूच नये म्हणून दुसरा पंप रोज घ्यायला हवा. पण त्या दुसऱ्या पंपात स्टेरॉइड होतं, आणि तो शब्द कानावर आला की त्याला वडील दिसायचे. वडिलांनाही दमाच. ते वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खात होते, कारण त्या काळी त्यांच्या डॉक्टरांना दुसरं काही सुचत नव्हतं. आधी त्यांचा चेहरा सुजून गोल झाला, इतका की शाळेच्या दारात घ्यायला आलेले ते त्याला क्षणभर ओळखूच आले नाहीत. मग कातडी कागदासारखी पातळ झाली. दाराची कडी घासली तरी हातावर जांभळा डाग उठायचा. मग साधं खोकताना बरगडी मोडली. ते खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसायचे आणि तो गोल, परका चेहरा वर करून आईला म्हणायचे, "मी आत आहे गं अजून." घरात हा विनोद होता. आई हसायची. तो मात्र त्या चेहऱ्याच्या आत वडील कुठं आहेत ते शोधत राहायचा. म्हणून "पंप नको, स्टेरॉइड नको, दुसरं काहीतरी द्या," असं तो बाईंना म्हणाला होता, आणि त्यांनी नाइलाजानं ती गोळी लिहून दिली होती. झोपताना एक.

गोळी त्याला अशी काही लागू पडली की बायको गंमतीनं तिला सवत म्हणू लागली. सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा तर कौतुकाला ऊत आला. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून. ती आता दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर राहून शिकत होती. बापाचा दमा तिनं जसाच्या तसा उचलला होता, बापाची नखं आणि बापाचं कपाळ उचललं तसा. "बाबा, तू चक्क पळत जिना चढलास!" ती म्हणाली होती. "मलाही ती जादूची गोळी हवी." तिला बाईंकडे नेलं, आणि बाईंनी तिलाही तीच दिली. निघताना ती बायकोला म्हणाली होती, "आता आम्ही बापलेक फुंकरीनं फुगे फुगवणार, तू बघत बस."

त्या दोन शब्दांनंतर त्याला मागचं बरंच काही दिसायला लागलं. स्वप्नं, उदाहरणार्थ. ती गोळी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी आली होती, आणि त्यानं त्यांचं काही मनावर घेतलं नव्हतं. ती नुसती वाईट नव्हती, ती स्वच्छ होती. धुतलेल्या काचेतून दिसावीत तशी. सकाळी दात घासताना ती अजून आरशाच्या कडेला उभी असायची. मग चिडचिड. कुणी चमचा बशीत ठेवला तरी त्या किणकिणीनं त्याच्या मस्तकात सणक जायची. एकदा बायकोनं विचारलं, "पंखा लावू का?" आणि तो तिच्यावर असा ओरडला की तिचा हात बटणावरच राहिला. आणि आता हा आवाज, जो परत आला. पुलावरून जाताना आला. घराच्या गच्चीवर कपडे आणायला गेला तेव्हा आला. स्वयंपाकघरात टोमॅटो चिरताना आला, आणि त्यानं सुरी इतक्या हळूच खाली ठेवली की जणू ती झोपली होती. दरवेळी तोच सूर, ओळखीचा, जरासा कंटाळलेला. 'चल की.' त्याला भीती वाटायची ती आवाजाची नव्हे. आवाज आला की त्याच्या आत कुठंतरी काहीतरी शहाण्या पोरासारखं उठून उभं राहायचं, त्याची.

आणि मग त्याला काका आठवले. आठवले म्हणजे येऊन बसले. वडिलांचे धाकटे भाऊ. भर दुपारी टीव्हीची अँटेना नीट करायला म्हणून गच्चीवर गेले आणि खाली आले ते मागच्या गल्लीत. पाय घसरला, असं घरात सगळे म्हणाले, आणि ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं की गुळगुळीत झालं. फक्त काकू एकदा, बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी लग्नाच्या गडबडीत त्याच्या शेजारी बसून म्हणाली होती, "त्या दिवशी अँटेना नीटच होती रे." एवढं बोलून ती ताट वाढायला उठून गेली. पाहुणे त्याला नेहमी म्हणायचे, अगदी काकांवर गेलास, तेच कपाळ, तीच हनुवटी. तेव्हा त्याला त्यात अभिमान वाटायचा. काका रुबाबदार होते. आता आरशात दाढी करताना तो ते कपाळ बघायचा आणि विचार करायचा की कपाळाबरोबर आणखी काय काय येतं. त्यांनाही असंच कुणी म्हणालं असेल का? त्यांच्याच आवाजात? त्यांनी कुणाला सांगितलं असेल? नसणारच. काय सांगणार? मला कोणी बोलावतं? छाती मोकळी झाल्यापासून आत जागा झाली आहे आणि त्या जागेत कोणी राहायला आलं आहे?

तो सावध राहू लागला. कामावर पोकळीत वाकण्याआधी कमरेचा पट्टा भिंतीच्या कडीला अडकवू लागला. नियम तसाच होता, पण एरवी कोण पाळतो! मेकॅनिक लोक एकमेकांकडे बघायचे. घरी तो बाल्कनीत जाईनासा झाला. भाजी चिरून देईनासा झाला. रोज संध्याकाळी ज्यांना तो हौसेनं पाणी घालायचा ती तिथली झाडं माना टाकू लागली, आणि शेवटी ती झाडंच बोलली म्हणायची, कारण एका सुट्टीच्या सकाळी बायकोनं त्यातली एक वाळकी कुंडी उचलून चहाच्या टेबलावर, त्याच्या कपाशेजारी आणून ठेवली.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"कुंडी."

"ते मलाही दिसतंय. अहो, तुम्ही बाल्कनीत का जात नाही?"

"ऊन असतं."

"संध्याकाळी?" ती समोर बसली. "परवा मी स्टुलावर चढून माळा आवरत होते, तुम्ही खोलीतून निघून गेलात. काल सुरी जागेवर नव्हती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली, वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. मला वाटलं माझीच काहीतरी चूक. मग वाटलं दुसरी कोणी असेल. देवाशप्पथ सांगते, दुसरी कोणी असती तर मला आत्ता बरं वाटलं असतं."

तो हसला. आणि हसता हसता त्याचा चेहरा त्याच्या हातून सुटला. त्यानं सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. पट्टीवरचा पाय, पूल, टोमॅटो. काकांचं सांगितलं, काकूचं वाक्य सांगितलं. बायकोनं मधे एकदाही 'असं कसं' म्हटलं नाही. ती कुंडीतल्या वाळक्या मातीत बोट रुतवून बसली होती आणि बोट पांढरं पडलं होतं. तो थांबल्यावर ती म्हणाली, "मरायचंय तुम्हाला?"

"नाही." ते त्यानं इतक्या पटकन आणि इतक्या खरेपणानं म्हटलं की त्याचं त्यालाच रडू आलं. "मला अजिबात मरायचं नाहीये गं."

"मग कोणाला मरायचंय?" ती म्हणाली. ती चिडली होती, चोराची चाहूल लागल्यावर माणूस चिडतो तशी. "उद्या बाईंकडे जाऊ. छातीचं नाही, हे सांगायला. तुम्हाला जमणार नसेल तर मी सांगते."

बाईंच्या खोलीत नेहमीसारखा स्पिरिटचा वास होता आणि भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, दोन उलट्या टांगलेल्या झाडांसारखं. बायकोनंच सांगितलं. बाईंनी लिहिणं थांबवलं, चष्मा काढला, त्याच्या छातीला हातही लावला नाही. "हे गोळीनंतर सुरू झालं?" त्यांनी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "कुठल्या गोळीनंतर?"

"झोपताना घेता त्या. आज बंद करा. हळूहळू कमी करायची नाही, आजच बंद. काही थोड्या लोकांना ती मनावर चढते. स्वप्नं, चिडचिड, आणि हे असले विचार. सगळ्यांना नाही होत, बऱ्याच जणांना काहीच होत नाही. पण होतं त्याला फार होतं." त्या थांबल्या. "मी सांगितलं होतं हो तुम्हाला. झोप बिघडली, मन उदास झालं तर लगेच कळवा म्हणून."

सांगितलं होतं? बायको त्याच्याकडे बघत होती. सांगितलं असेलही. तो तेव्हा उदासपणाची वाट बघत होता, आणि उदास तो कधी झालाच नव्हता. आणि ज्या दिवशी श्वास मिळाला त्या दिवसापासून त्यानं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. "म्हणजे तो मी नव्हतो?" त्यानं विचारलं. काका, कपाळ, अँटेना, सगळं एकदम पुढे आलं आणि दारात चेंगराचेंगरी झाली.

"ते मला आज सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळी बंद करून बघू. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. नाहीच निवळलं तर मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, लाजायचं नाही. तोपर्यंत एकटं राहायचं नाही आणि उंचावर काम नाही. आणि छातीसाठी आता तो दुसरा पंप घ्यायचा, मुकाट्यानं. वडिलांच्या गोळ्या वेगळ्या, हा वेगळा. हा चिमटीभर, थेट फुप्फुसात जातो." त्या पुन्हा लिहू लागल्या, आणि लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे," बायको म्हणाली. "अभ्यास फार आहे म्हणते. हल्ली फोनवर जास्त बोलत नाही." आणि बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला, चालणाऱ्या माणसाला पुढे रस्ता नाही हे कळावं तसा.

"फोन करा," बाई म्हणाल्या. "इथूनच करा."

फोन बराच वेळ वाजला. त्या वाजण्यात त्याला हॉस्टेलची इमारत दिसली, सरळ, उंच. तिला खोली मिळाली तेव्हा तो खूश झाला होता, चौथा मजला, भरपूर हवा येईल म्हणून. तेवढ्यात ती म्हणाली, "हं, बाबा." झोपेतून उठल्यासारखी. भर सकाळी.

"भिंगरे, ती गोळी घेतेस ना गं?"

"हो, रोज. का?"

"झोप कशी लागते?"

ती म्हणाली, "आई आहे का तिथं?"

"आहे."

"मग नंतर बोलू आपण."

बायको पुढे सरसावली, तिला फोन हवा होता. त्यानं तो दिला नाही. काय बोलावं ते त्याला माहीत नव्हतं, आणि मग अचानक माहीत होतं. "ऐक. मला एक आवाज येतो," तो म्हणाला. "माझाच. उंचावर गेलो की म्हणतो, चल की. मला वाटत होतं मला वेड लागलंय. बाई म्हणतात, गोळीनं होतं."

त्याला पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. सरळ, मोकळा, कुठंही न अडखळणारा. तो ऐकून त्याच्या अंगावर काटा आला.

"मला म्हणतो, झालं ना आता," ती म्हणाली.

बाईंनीच त्याच्या हातून फोन घेतला. त्या शांतपणे, एकेक शब्द ठेवल्यासारख्या बोलल्या. गोळी बंद. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला आत्ता हाक मार, माझ्या कानावर येऊ दे हाक. आई-बाबा निघालेत. मैत्रीण येऊन "हॅलो" म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मग खुर्चीत टेकल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

ते तसेच, अंगावरच्या कपड्यांनी बसमध्ये बसले. "खिडकीशी मी बसते," बायको म्हणाली, आणि तो निमूट वाटेकडच्या जागेवर बसला. रस्ताभर तिनं त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. शेतं गेली, कारखाने गेले, वाळत घातलेले कपडे गेले. आवाज आला का, हे तो आत चाचपून बघत होता. तो नव्हता, पण गेलाही नव्हता. खोलीत दिवा नसला तरी माणूस बसलेला कळतो, तसा. त्याला स्वतःपेक्षा तिचं जास्त वाटत होतं, आणि त्याच वेळी एक विचित्र, सांगायला लाज वाटावी असा दिलासाही वाटत होता, की तिचे शब्द वेगळे आहेत. दोघांना एकच जण बोलवत नव्हता. काका मेले ते कशानं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. त्यांना दमा नव्हता, गोळीही नव्हती. त्यांचं त्यांच्यापाशी. पण ही त्याची पोर होती, आणि त्या कपाळाला आणखी काही जोडलेलं असलंच तर ते तो पुढे बघून घेणार होता. आज फक्त चौथ्या मजल्यावर पोचायचं होतं.

दुपार कलायला लागली होती तेव्हा ते हॉस्टेलवर पोचले. लिफ्ट होती. तो जिन्यानं गेला, बायको त्याच्या मागे, एका पायरीचं अंतर ठेवून, हात पुढे करून, पडणाऱ्याला झेलायला. दार मैत्रिणीनं उघडलं. "आलात, बरं झालं," ती पुटपुटली आणि चप्पल घालून बाहेर निघून गेली. भिंगरी कॉटच्या कडेला बसली होती. बारीक झाली होती. बायकोनं तिला जवळ घेतलं आणि काही न विचारता तिच्या केसांची गुंतवळ बोटांनी सोडवत राहिली. "वजन किती उतरलंय," एवढंच म्हणाली, आणि ते रागावल्यासारखं म्हणाली. भिंगरीच्या पायात बूट होते, आणि ती उठून बापाजवळ आली तेव्हा ते फटक फटक वाजले. त्यात नाड्या नव्हत्या.

नाड्या खिडकीला होत्या. दोन्ही झडपांच्या मुठी नाड्यांनी एकमेकींना बांधल्या होत्या. त्यावरून एक मफलर, त्यावरून चार्जरची वायर, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

"कुणी बांधलं हे?" त्यानं विचारलं.

"मीच."

"कधी?"

"बरेच दिवस झाले." ती त्याच्या छातीवर डोकं टेकून, शर्टात बोलत होती. "हात बिझी राहायचे बाबा. तो बोलायला लागला की मी एक गाठ मारायची."

खोली कोंदट झाली होती. कितीतरी दिवसांची शिळी हवा, ओल्या टॉवेलचा वास, पुस्तकांवरची धूळ. त्याच्या घशात ओळखीचं काहीतरी आवळायला लागलं, आणि सवयीनं तो खिडकीकडे गेला. पहिल्या गाठीला त्यानं हात घातला. ती दगडासारखी होती.

"सोडू नकोस," भिंगरी म्हणाली. "अजून नको."

त्यानं हात काढून घेतला. कॉटवर येऊन बसला. भिंगरी मधे, दोन बाजूंना ते दोघं. बायकोनं पर्समधून नवा पंप काढला, त्याच्या हातात दिला. त्यानं तो हलवला, ओठात धरला आणि दाबला, मग भिंगरीनं हात पुढे केला म्हणून तिलाही बाईंनी दिलेला तिचा दिला. दोघांनी श्वास कोंडून धरला, दोघांनी सोडला. बाहेर झाडांची पानं हलताना काचेतून दिसत होती, म्हणजे वारा सुटला असावा. त्याचा श्वास जड होत चालला होता, तिचाही. बायकोच्या कपाळावर घाम आला होता. खिडकी उघडा, असं तिघांपैकी कुणीच म्हणालं नाही.